दोघांचंही हो

आबांनी दार ओढून घेतलं, दारानं आतल्या आत खट्ट केलं, आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, "हं, आता उघड बघू."

मी भिंतीवरच्या यंत्रावर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागायला पाहिजे होता, तांबडा लागला.

"बोट गार पडलं असेल," मी म्हणाले. "आबा, तुम्ही ठेवा."

आबांनी धोतराला अंगठा पुसून ठेवला. तांबडा. अण्णांनी ठेवला. तांबडा.

"अरे, जोरात दाब की," आबा म्हणाले.

"दाबतोय की! आता काय भोक पाडू काय त्याला?"

"काय गं राजमती," अण्णा माझ्याकडे वळले, "बंद पडलं काय तुझं मशीन?"

बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी व्यवस्थित चालू होतं, आणि आम्हाला तिघांनाही ओळखून 'नाही' म्हणत होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, आणि आबा त्यांचे थोरले भाऊ. तासगावच्या अलीकडे मगदूम बंधूंचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, त्याचे हे दोघे मालक. आम्ही उभे होतो ती जागा म्हणजे चेंबरच्या आधीची चिंचोळी खोली. एका अंगाला बाहेरच्या फलाटाकडचं दार, दुसऱ्या अंगाला आत चेंबरकडचं, आणि मधे वजनकाटा, बेदाण्याचे बॉक्स, बारदानाचा ढीग. चेंबरइतकी गार नसली तरी धोतर-सदऱ्यावर उभं राहण्यासारखी ती जागा नव्हे. आणि आबांना दम्याचा त्रास.

हे मशीन बसवायची वेळ का आली, ते सांगते. पूर्वी कधीतरी या दोघा भावांचं बिनसलं होतं. बोलणं बंद, चूल वेगळी, सगळं झालं. माझं लग्न व्हायच्या आधीच पुन्हा गोडही झालं, पण त्या भांडणातून एक पद्धत उरली. मगदुमांच्या प्रत्येक दाराला दोन कुलपं. एक आबांचं, एक अण्णांचं. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. अविश्वास वगैरे काही नाही म्हणे, फक्त पद्धत. आता आबा लग्नाला नांदणीला गेले की अण्णा फलाटावर येरझाऱ्या घालणार, व्यापारी बोंब मारणार आणि माल आत. कुणी म्हणालं एक कुलूप काढू या, तर दोघंही म्हणायचे, "माझं काढा की, माझं काही नाही." आणि कुणाचंच निघायचं नाही.

शेवटी माझा नवरा भरतेश म्हणाला, "राजमती लग्नाआधी वेबसाइटच्या कंपनीत होती. ती काहीतरी करेल." झालं! घरात सून कॉम्प्युटरवाली आहे म्हटल्यावर मिक्सर बिघडला तरी मलाच हाक. पण हे काम मला मनापासून आवडलं. अंगठ्यानं उघडणारी दारं आणली, ती चालवायला पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटी वेबसाइट लिहिली. कुठलं दार, कुणाला, कधी उघडायचं, हे सगळे नियम त्यात. आबांनी त्यांचे नियम सांगितले, अण्णांनी त्यांचे. मी दोन वेगवेगळ्या फायली केल्या. एकेक फाईल घरी चालवून बघितली, छान चालली. कुलपं काढली, किल्ल्या घरच्या कपाटात गेल्या, आणि आज दोन्ही फायली पहिल्यांदा एकत्र लावून दाखवायच्या होत्या. दार उघडं असतानाच आत येऊन मी त्या लावल्या होत्या.

पण मला त्या दिवशी निराळंच काही विचारायचं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी दिली होती. सोमवारी हजर व्हायचं, आणि येणार की नाही ते मात्र आज संध्याकाळच्या आत कळवायचं. नाहीतर दुसरी मुलगी तयार होती त्यांच्याकडे. मी दोघांनाही कधीचं विचारून ठेवलं होतं. अण्णा म्हणाले होते, "माझी कशाला ना असेल? जा की. पण आबा थोरले, त्यांच्या कानावर घाल." मी आबांकडे गेले. आबा म्हणाले, "शिकलेली पोर आहेस, जायलाच पाहिजेस. पण सून तू अण्णाची. त्यानं सांगितलं पाहिजे." मी परत अण्णांकडे. "आबा म्हणाले ना? मग झालं की. पण त्यांनी एकदा मला तसं सांगायला हवं." भरतेशचं आणखी वेगळंच. "दोघं म्हणू देत फक्त, मी स्वतः नेऊन सोडतो तुला. मलाही मार्केट यार्डात गाळा बघायचाच आहे." असा सगळा चांगुलपणा, आणि मी जिथल्या तिथं. घरात एक माणूस वाईट नव्हता, कुणाशी भांडायचं तेच कळत नव्हतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे मी.

म्हणून मी ठरवलं होतं की दाराचं काम नीट झालं, दोघं खूश झाले, की एकाच जागी उभ्या असलेल्या दोघांना तिथल्या तिथं विचारायचं. ते दोघे एका जागी सापडणं मुश्कील. आता सापडले होते, पण असे.

"फोन लाव कुणाला तरी," अण्णा म्हणाले.

तिघांनी फोन काढले. त्या खोलीच्या भिंती जाड पॅनेलच्या, गारवा बाहेर जाऊ न देणाऱ्या. रेंज शून्य. मग अण्णांनी दारावर मुठी आपटल्या, "ए बाळू! ए सत्तार!" म्हणून हाका मारल्या. पलीकडे कॉम्प्रेसर घरघरत होता, आणि सौद्याचा दिवस असल्यानं हमाल सगळे गाड्यांबरोबर मार्केटात. भरतेशही तिकडेच. अण्णांनी हात चोळत विचारलं, "आतून उघडायची मूठ असते ना गं या दारांना?"

"असते," मी म्हणाले. "आपल्या दाराची काढलीय."

"कुणी काढली?"

"तूच," आबा म्हणाले. "हमाल आतनं दार उघडून बेदाणा खिशात घालतात, असं तूच म्हणालास."

"मी म्हणालो, काढू या का. तुम्ही मिस्त्रीला बोलावलंत."

"तू म्हणालास म्हणून बोलावलं!"

"बरं, लाईट गेली तर?" अण्णांनी विचारलं. "रोज दुपारी जाते की."

"लाईट गेली तर दार आपोआप उघडतं," मी म्हणाले. "पण मेन स्विच बाहेर, आणि लाईट गेली की जनरेटर सुरू होतो."

"जनरेटर बंद पडला तर?"

"तर दुसरा सुरू होतो. एक तुम्ही आणलाय, एक आबांनी."

आबा बॉक्सवर बसले आणि खोकायला लागले. अण्णांनी गळ्यातला मफलर सोडून त्यांच्या गळ्यात घातला. आबांनी तो काढून परत दिला, "तुझं तू घाल, तुझी छाती नाजूक." अण्णांनी परत घातला. आबांनी परत काढला. माझं डोकं फिरलं. मी बारदानाची दोन पोती ओढून आबांच्या अंगावर टाकली आणि मफलर त्यांच्या कानांवरून घट्ट बांधला. आबा चक्क गप्प बसले.

नशीब, मी लॅपटॉप बरोबर आणला होता आणि दाराचं डोकं, म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर, याच खोलीत भिंतीवरच्या पेटीत होता. पेटी उघडून मी वायर लॅपटॉपला जोडली आणि खाली फरशीवरच मांडी घातली. फरशी बर्फासारखी गार होती. लॅपटॉप जुना, चार्जिंग आधीच अर्ध्याखाली आलेलं. बोटं वळेनात. एकेक शब्द मी तीन-तीनदा खोडून लिहीत होते, आणि मागून आबांचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टी वाजल्यासारखा.

दाराला नेमकं काय दिसतंय ते मी पडद्यावर आणलं. बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?" अण्णा माझ्या शेजारी उकिडवे बसले. "नाही लिहिलंय का आम्हाला?"

"नाही कुठलं! हो लिहिलंय. तुम्हाला हो, आबांना हो, मलाही हो."

"कुणी लिहिलंय?"

"दोघांनीही. आबांच्या फायलीत हो, तुमच्या फायलीतही हो."

"मग दार का उघडत नाही?" आबा खोकत म्हणाले.

आता हे सांगायचं कसं? या भाषेत माहिती ठेवायला अ‍ॅरे असतात, अ‍ॅरेच्या आत आणखी अ‍ॅरे, त्यांच्या आत आणखी. मी म्हणाले, "मिसळणाचा डबा असतो ना आबा, तसे दोन डबे समजा. डब्यात वाट्या. काही वाट्यांत आणखी छोट्या वाट्या. एक डबा तुमचा, एक अण्णांचा. मला दोन्हींचा मिळून एक डबा करायचा होता."

"बरं."

"तुम्ही मला बाजूला घेऊन काय म्हणाला होता? अण्णाचं घालताना माझं पुसू नकोस. म्हणाला होता ना?"

आबांनी अण्णांकडे बघितलं नाही. "म्हणालो असेन."

"आणि अण्णा, तुम्ही?"

"मी... आता तसं सहज म्हणालो होतो."

"तर मी काय केलं, डबे एकत्र करायची अशी पद्धत लावली की ज्यात कुणाचंच पुसलं जात नाही. एकाच वाटीत दोघांचं काही निघालं, तर ती दोन्ही ठेवते. म्हणजे तुमच्या वाटीत हो होतं, त्याच वाटीत अण्णांचं हो जाऊन पडलं. आता वाटीत दोन हो आहेत."

"मग चांगलंय की!" आबा म्हणाले. "दोघं हो म्हणतायत म्हटल्यावर पक्कं झालं."

"माणसाला पक्कं, आबा. दार एवढंच बघतं की वाटीत 'हो' आहे का. त्याला वाटीत 'हो' सापडत नाही, आणखी एक वाटी सापडते, तिच्यात दोन हो. हे काय ते त्याला कळत नाही. आणि कळलं नाही की ते बंद राहतं."

"एकट्याचं घातलं तेव्हा उघडत होतं का?" अण्णांनी विचारलं.

"दोघांचंही उघडत होतं. एकेकट्याचं."

सांगता सांगता मला एकदम रडायला यायला लागलं. का ते मला तेव्हा कळेना. वाटलं, भीती असेल. आबांचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

"मग आता?" अण्णा म्हणाले.

"दुसरी पद्धत आहे. तीही डबे एकत्र करते, वाट्यांच्या आतल्या वाट्यांपर्यंत जाते. पण एकाच वाटीत दोघांचं आलं तर पहिल्याचं काढते आणि नंतरच्याचं ठेवते. वाटीत एकच हो राहील. दार उघडेल. फक्त मला सांगा, नंतर नाव कुणाचं घालू?"

आता इथे तुम्ही म्हणाल, बाई, दोन्हीकडे हो तर होतं, कुणाचंही नाव घालायचं आणि सुटायचं! खरंय तुमचं. एका ओळीचं काम होतं. पण मी त्या घरची सून होते. आबांचं खाली घालून अण्णांचं वर ठेवायचं, किंवा अण्णांचं पुसून आबांचं ठेवायचं, हे त्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते दोघे समोर बसलेले असताना माझा हातच धजेना. गारठून जीव जायची वेळ आली तरी धजेना. हे आज सांगताना मला माझीच कीव येते.

"अण्णाचं घाल," आबा म्हणाले.

"असं कसं?" अण्णा लगेच उठून उभे राहिले. "थोरले तुम्ही. आबांचं घाल गं."

"अरे, जागा तुझ्या वाट्याची आहे ही. तुझंच पाहिजे."

"जागेचं काय घेऊन बसलाय? तुमच्यावर माझं नाव? लोक काय म्हणतील?"

"इथं कोण लोक आलेत बघायला?"

"राजमती, आबांचं."

"राजमती, अण्णाचं."

लॅपटॉपनं चार्जिंग संपत आल्याची सूचना दाखवली. आबांना पुन्हा उबळ आली, या वेळी ती थांबेचना. ते पुढे वाकले, बारदान अंगावरून खाली पडलं. अण्णा त्यांची पाठ चोळायला लागले, आणि मी ओरडले. त्या घरात मी आवाज चढवून कधी बोलले नव्हते.

"कुणीतरी एक सांगा हो! एकानं सांगा!"

अण्णांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "माझी काही ना नाही गं. आबा सांगतील तसं."

आणि खोकल्यातून आबांनी कसंबसं म्हटलं, "अण्णा म्हणेल... तसं."

माझा हात थांबला. हेच, अगदी याच शब्दांत, हे दोघं मला कधीपासून ऐकवत होते. ओसरीवर, देवघराच्या दारात, जेवायच्या पाटावर. मी समजत होते की माझं अडलंय, कुणाच्या तरी मनात नाही, कुणीतरी आतून नको म्हणतंय. कुणीच म्हणत नव्हतं. दोघांचंही हो होतं. पहिल्या दिवसापासून होतं. आणि मी दोघांची दोन्ही उत्तरं पदरात बांधून, एकाचंही खाली पडू न देता, दारात उभी होते.

मी दुसरी पद्धत लावली. पहिलं नाव आबांचं घातलं, मग अण्णांचं. आणि मग तिसरी एक फाईल केली. इवलीशी, एका ओळीची. तिच्यात बाहेरच्या दाराच्या वाटीत हो लिहिलं आणि ती फाईल सगळ्यांच्या शेवटी ठेवली. फाईलला माझं नाव दिलं.

"अण्णा, अंगठा ठेवा," मी म्हणाले.

हिरवा दिवा लागला. दारानं खट्ट केलं. अण्णांनी खांद्यानं दार ढकललं आणि बाहेरचं रणरणतं ऊन अंगावर आलं. मगदुमांच्या घरात उन्हाला नावं न ठेवणारं माणूस नाही, पण त्या दिवशी आम्ही तिघं ते ऊन खात फलाटावर नुसते बसलो. समोरच्या टपरीवरून अण्णांनी चहा मागवला. अण्णांनी गाडीत राहिलेला दम्याचा पंप आणून दिला, तो आबांनी तोंडात मारला. हळूहळू त्यांचा श्वास शांत झाला, ओठांना रंग आला. मी त्यांच्या पायांवर बारदान टाकलं, तर ते म्हणाले, "अगं, आता कशाला? भाजायला लागलंय की."

चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "मग शेवटी कुणाचं ठेवलंस?"

"माझं."

"तुझं?" अण्णांचा कप हातातच राहिला. "तुझं कुठून आलं त्यात? डबे दोन होते ना?"

"मी तिसरा केला."

आबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. पण ते हसायला लागले, हसता हसता परत खोकले, आणि अण्णांना म्हणाले, "बघ रे. आपण इतकी वर्षं कुलपं सांभाळत बसलो."

अण्णा हसले नाहीत. ते चहाच्या कपात बघत बसले होते.

"आबा, अण्णा," मी म्हणाले, "सोमवारी मी पुण्याला जातेय. नोकरीवर."

अण्णांनी आबांकडे बघितलं. आबांनी अण्णांकडे बघितलं. आबांनी तोंड उघडलं, "आता अण्णा काय म्हणतो ते..."

"दोघांचंही हो आहे, आबा," मी म्हणाले. "तुमचंही आणि अण्णांचंही. मला माहीत आहे. मी आता कुणाला परत विचारणार नाही."

फोनला रेंज आली होती. मी तिथेच, दोघांच्या देखत, पुण्याचा नंबर लावला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मी तुमच्याच फोनची वाट बघत होते. घरच्यांना विचारून सांगते म्हणाला होतात ना? झालं का विचारून?"

"झालं," मी म्हणाले. "मी येतेय."